मास्तर, बॅटरी डायनामो खात होता

काल सापडलं, मास्तर. दीड वर्ष आपण दोघांनी ज्याच्यापायी रविवारच्या सकाळी घालवल्या, ते काल दुपारी वीस मिनिटांत सापडलं. मीटरवरचा आकडा बघितला आणि तोंडातून निघूनच गेलं, "मास्तर, हे बघ!" समोर कोण होतं? तुझी ती पांढरी गाडी, उघडं बॉनेट, आणि पलीकडे नळाखाली पाय धुणारा वॉचमन. तो म्हणाला, "क्या हुआ, पाटील साब?" मी म्हटलं, कुछ नहीं.

डायनामो होता रे. इंजिन चालू असताना जो बॅटरी भरतो, तोच इंजिन बंद झाल्यावर ती उतरवत होता. त्याच्या आतला एक डायोड, करंट एकाच दिशेने सोडणारा, खराब झालेला. थंड असला की गप, गरम झाला की उलटा करंट सोडायचा. कधी तासाभरात थांबायचा, कधी सकाळपर्यंत चालू. आणि आपण दोघं शहाणे तपासायचो कधी? रविवारी सकाळी, आंघोळ-पूजा उरकून, इंजिन थंडगार असताना. चोर झोपलेला असताना आपण घर तपासत होतो. आणि मी त्यात कारखान्याचा वायरमन! आमच्याकडे पॅनेलमधला फ्यूज काढला की पुढचं सगळं मेलं. वीस वर्षं तेच करत आलो, म्हणून गाडीतही फ्यूजच मोजत बसलो. डायनामोची जाड वायर फ्यूजच्या पेटीला न शिवता थेट बॅटरीवर जाते, हे माझ्या डोळ्यांसमोर होतं. दिसत होतं, पण मी बघत नव्हतो.

तुझं तेरावं होऊन पाच दिवस झाले. शोकसभेला तुझ्या शाळेने फळ्यावर लिहिलं होतं, मनमिळाऊ आणि मितभाषी. मितभाषी! मला तिथे, सगळे हात जोडून उभे असताना, हसू फुटलं असतं. पाच मिनिटं गप्प बसलास असा एक दिवस मला दाखव. इथे आमळीतल्या आपल्या बिल्डिंगमध्ये मी सामान चढवत होतो, पहिलाच दिवस, आणि जिन्यात उभा राहून तू मला सांगत होतास की कपाट आडवं नाही, तिरकं धर, कर्ण जास्त लांब असतो. मी शिरपूरकडचा माणूस, घामाने भिजलेला. मी म्हटलं, "सर, एक कोपरा तुम्ही धरा, मग कर्ण सांगा." तू धरलास. तेव्हापासून वरच्या मजल्यावर तू, खाली मी. दोन वर्षं मी तुला सर म्हणत होतो, मग मास्तर, मग अरे-तुरे. तू मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत "काय पाटलानु?" असंच. चिडलास की तुझं मालवणी बाहेर यायचं, आणि मी चिडलो की माझं अहिराणी. मग तू मुद्दाम जिन्यातून ओरडायचास, "काय करी ऱ्हायना, पाटील?" इतकं वाईट अहिराणी मी जन्मात ऐकलं नाही.

गाडी तू वापीच्या एका डॉक्टरकडून घेतलीस तेव्हाच ती बारा वर्षांची होती. मी म्हटलं होतं, नको घेऊस. तू म्हणालास, कारण दे. कारण माझ्याकडे नव्हतं, नुसतं मन खात होतं. मनाला तू कधी कारण मानलं नाहीस. वर्षभर बरी चालली आणि मग बॅटरी बसायला लागली. कधी चार दिवसांनी, कधी दुसऱ्याच दिवशी. तू नवी बॅटरी बसवलीस. तीही बसली. मग मी माझा मीटर घेऊन खाली आलो, छाती काढून, जसं काय हे तर डाव्या हाताचं काम.

तुला आठवतं का, फ्यूजची पेटी दाराच्या आत, डॅशबोर्डखाली. तिथे हात घालायचा तर दार उघडं हवं. दार उघडं ठेवलं तर आतला दिवा लागतो आणि मीटरचा आकडा चुकतो. म्हणून दाराच्या चौकटीतलं ते बारीक बटण कोणीतरी दाबून धरायचं. ते तू धरायचास. तासतासभर, वाकून, अंगठा बटणावर, दुसऱ्या हातात आलेखाची वही. मी एकेक फ्यूज उपसायचो आणि आकडा ओरडायचो, तू लिहायचास. अंगठा बदलायचा झाला तरी आधी सांगायचास, "पाटलानु, थांब, बदलतंय." खालून जाणारी माणसं विचारायची, काय मास्तर, पोलिओचा डोस देताय का गाडीला? तू म्हणायचास, "शोध चाललाय." आणि मग त्यांनाही अर्धा तास उभं करून समजावून सांगायचास.

दरम्यान तू तुझा एक उपाय सुरू केलास. रोज संध्याकाळी, वर वहिनी देवापुढे दिवा लावायच्या त्या वेळेला, तू दहा नंबरचा पाना घेऊन खाली यायचास आणि बॅटरीचं मायनस टर्मिनल काढून ठेवायचास, म्हणजे रात्रभर ती उतरायलाच नको. सकाळी शाळेला जाताना परत जोडायचास. एक दिवस चुकवला नाहीस. मला त्याचा राग यायचा. खरंच यायचा, मास्तर. मी वीस वर्षं वायरमनचं काम केलेला, आणि माझा मित्र रोज सगळ्या बिल्डिंगसमोर टर्मिनल काढतोय, म्हणजे रोज सगळ्यांना सांगतोय की पाटलाला जमलं नाही. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, मला माहीत आहे. माझ्या होतं.

आणि तो गणपती. डॅशबोर्डवरचा, अंगठ्याएवढा, मागे लाल दिवा. दसऱ्याला गाडीची पूजा झाली तेव्हा तू म्हणालास की देवाचा दिवा किल्ली काढल्यावर विझायला नको. मीच तो थेट बॅटरीवरून जोडून दिला. मग या शोधात तो एकच सापडला, जो गाडी बंद असतानाही करंट घेत होता. त्याची वायर काढली आणि आकडा खाली आला. थोडासाच आला, पण आला. मी उडीच मारली. म्हटलं, हाच तो. माझ्याच हातचं काम नडलं, मीच मान्य करतो, अजून काय पाहिजे?

तू मान्य केलं नाहीस. वहीचं पान फाडून गणित मांडलंस. दिवा इतका खातो, बॅटरीत इतकं आहे, म्हणजे गाडी बंद पडायला महिना-दीड महिना लागेल. "आपली चार दिवसात बसता. मग उरलेला कोण खाता, सांग." मी म्हटलं, कागदावर सगळं बरोबर असतं मास्तर, गाडी कागदावर चालत नाही. तू म्हणालास, "तुका काय कळता रे गणितातला?" मी म्हटलं, "आणि तुला वायरिंगमधलं?" बरंच लांबलं ते. वहिनींनी वरून चहासाठी तीनदा हाक मारली. शेवटी मी मीटर गुंडाळला आणि म्हणालो की तुला माझ्यावर विश्वास नसेल तर उद्यापासून दुसऱ्या कोणाला बोलव.

तू बराच वेळ त्या गणपतीकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "काढ दिवा." मी काढला. वर मी काय म्हणालो, तेही लिहितो, कारण ते सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, आता टर्मिनल काढायचं नाही. अजिबात नाही. काढलंस तर समजेन की तुला माझं काम पटलं नाही. तू हसलास आणि पाना माझ्या खिशात टाकलास.

तुझं गणित बरोबर होतं, मास्तर. पूर्ण बरोबर होतं. माझ्या मीटरपेक्षा तुझा कागद खरा निघाला. हे तुझ्या तोंडावर एकदा म्हणायचं होतं, आणि तू ते आयुष्यभर मला ऐकवलं असतंस. ऐकलं असतं मी.

दोन आठवडे गाडी नीट चालली. मी जिन्यात मिशीला पीळ देत होतो. तू फार कुठे जात नव्हतास, शाळा आणि घर, इंजिन पुरतं तापतच नव्हतं, हे आता कळतंय. मग एका बुधवारी तू शाळा सुटल्यावर लांब खानवेलला गेलास, तुझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे शिक्षिका म्हणून लागली तिला भेटायला. संध्याकाळी आलास. गाडी लावलीस. टर्मिनल काढलं नाहीस, कारण मी सांगितलं होतं.

गुरुवारी मी पहिल्या पाळीला होतो, मसाटच्या कारखान्यात. नऊच्या आत तुझा फोन आला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून बाहेर आलो. तू म्हणालास, "पाटलानु, परत बसली." बस, एवढंच. माझं डोकंच फिरलं. तुझ्यावर नाही, गाडीवर, पण तावडीत तूच सापडलास. मी म्हटलं, शक्यच नाही. हेडलाइट लाव, मंद आहे की बंद? तू लावलास. मंद. टर्मिनल ढिलं असेल, पान्याने हळू ठोक. पाना माझ्याकडे, म्हणून तू दगड शोधलास. ठोकलास. आता सेल्फ मार. नुसतं टकटक. परत ठोक. टर्मिनल हाताने फिरवून बघ, फिरतंय का? जोर लाव जरा. जोर लाव म्हणालो मी, मास्तर. बॉनेट उघड, मग दार, मग परत बॉनेट, असं मी तुला तिथे नाचवलं. तुझा श्वास लागलेला ऐकू येत होता. मी काय म्हणालो माहीत आहे? "पोट कमी कर जरा." आणि तू हसलास. हसलास रे. शेवटी म्हणालास, "राहूं दे. बघतंय मी." आणि फोन ठेवलास.

अकरा मिनिटं. फोनमध्ये लिहिलेलं आहे, पुसवत नाही. अकरा मिनिटांत मी एकदाही विचारलं नाही की तू निघालास कुठे. गुरुवारी तुझी शाळा लवकर असते, त्या वेळेला तू घरी कसा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तू शाळेत कळवून घरी थांबला होतास, छातीत सकाळपासून दुखत होतं, आणि दवाखान्यात जायला खाली उतरला होतास. आणि माझ्या सांगण्यावरून टर्मिनल पिळत होतास.

पुढचं मला इतरांकडून कळलं. तू जिन्याच्या पायरीवर बसलास, वहिनी धावत खाली आल्या, समोरच्या दुकानदाराने रिक्षा थांबवली. रिक्षावाला "बेसो, बेसो काका" म्हणत होता आणि तुला उठता येत नव्हतं. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, पंधरा मिनिटं आधी आला असता तर? ते चांगले होते बिचारे, थांबले, विचार केला आणि म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तर मी काहीतरी केलं असतं, भिंतीवर डोकं आपटलं असतं. नाही म्हणाले असते तर झोपलो असतो. सांगता येत नाही, याचं माणसाने काय करायचं?

तेरा दिवस मी तुझ्या घरात राबलो. खुर्च्या आणल्या, मांडव बांधला, पाहुण्यांना बसस्टँडवरून आणलं. सगळे म्हणत होते, मित्र असावा तर असा. मी मान खाली घालून पाण्याचे ग्लास भरत होतो. वहिनींना माहीत होतं की गाडी चालू झाली नाही. फोनवर मी होतो, अकरा मिनिटं मी होतो, हे त्यांना माहीत आहे की नाही ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. त्या "भाऊजी, तुम्ही जेवला का?" म्हणायच्या आणि मी पुढचा ग्लास भरायला वळायचो. मी ठरवायचो, आज सांगतो. मग कोणीतरी यायचं आणि मी सुटायचो. सुटका झाली की बरं वाटायचं, ही त्यातली सगळ्यात घाणेरडी गोष्ट.

काल निखिलने विषय काढला. तुझा मुलगा, त्याला पुण्याला परत जायचंय, म्हणाला गाडी कोणाला तरी देऊन टाकू, आईला चालवता येत नाही. वहिनी म्हणाल्या, "देऊ की. आधी भाऊजींना चालू करू दे. बंद गाडी कोणाला कशी द्यायची?" मग मी शेजारच्या गाडीवरून केबल लावून ती चालू केली आणि बॅटरी भरावी म्हणून खानवेलच्या रस्त्याला लांबवर फिरवून आणली. तुझी सीट पुढे ओढलेली होती, माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. मागे सरकवली नाही. आल्या आल्या, इंजिन धगधगत असताना, का कोण जाणे, मीटर लावला. आयुष्यात पहिल्यांदा गरम गाडीला लावला. आकडा आपल्या रविवारच्या आकड्याच्या पंधरापट. दाराचं बटण धरायला तू नव्हतास, म्हणून तिथे चिंधीचा बोळा कोंबला आणि चिकटपट्टी लावली. झालं काम. इतकं सोपं होतं ते. तुला दीड वर्ष उगाच वाकवलं. सगळे फ्यूज काढले, आकडा हलला नाही. डायनामोची वायर सोडली, आकडा धाडकन खाली.

निखिल लगेच जाऊन दुसरा डायनामो घेऊन आला. मी बसवला. संध्याकाळी गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली, परत चालू झाली, दहा वेळा चालू झाली. निखिल म्हणाला, काका, मानलं तुम्हाला. मग मात्र मला राहवलं नाही. हात तसेच काळे, मी वर गेलो.

वहिनी गवार निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दिवा, तुझं गणित, टर्मिनल काढू नकोस म्हणालो ते, पाना, फोन, अकरा मिनिटं, पोट कमी कर म्हणालो ते. काहीच ठेवलं नाही. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेंगा मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत आहे, भाऊजी. मी गॅलरीतच होते."

"गॅलरीत?" मी म्हटलं.

"मी वरून सांगत होते, रिक्षा बोलावते. एकदा नाही, तीनदा म्हटलं. हे हात करून म्हणाले, थांब, पाटील सांगतोय ना, दोन मिनिटांत होईल. मी म्हटलं, मग त्याला सांगा तरी छातीत दुखतंय म्हणून. तर म्हणाले, नको, कामावर आहे, घाबरून धावत येईल."

मास्तर, मी तिथेच फरशीवर बसलो. दोन नि दोन चार म्हटलं तरी मला सिद्ध करून दाखव म्हणणारा माणूस तू. त्या एका सकाळी तुला काय झालं होतं? का नाही म्हणालास, "पाटला, तुझ्या मीटरला आग लाव, मी रिक्षाने जातो"? का नाही भांडलास? मी इथे लिहून लिहून विचारतोय आणि उत्तर कोण देणार? इतका राग येतो तुझा. आणि लगेच वाटतं, माझ्यावर कोणी असा विश्वास टाकला नव्हता, माझ्या बापानेसुद्धा नाही, आणि मी त्याचं काय केलं?

"वहिनी," मी म्हटलं, "तुम्ही मला काहीतरी बोला. शिव्या द्या."

"रागावते ना," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी रागावते. तुमच्यावर, ह्यांच्यावर, त्या गाडीवर. माझ्यावर पण, मी गॅलरीतून ओरडत बसले, खाली का नाही उतरले म्हणून. मग दूधवाला येतो." आणि मग पहिल्यांदा रडल्या. तेरा दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. हाताला ग्रीस होतं, पाण्याचा ग्लाससुद्धा देता येईना.

मग त्यांनी डोळे पुसले, गवारीचं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, "आता पक्की चालू झाली ना?"

"पक्की."

"बरं झालं." मग म्हणाल्या, "रविवारी या हं, भाऊजी. नेहमीसारखे."

मी हो म्हटलं. येणार आहे मी. आंघोळ करून, मीटर घेऊन, खाली पार्किंगमध्ये येऊन उभा राहणार आहे. पण मास्तर, गाडीत आता काहीच बिघाड नाही रे.